भोंगा, डबा आणि देहाचे वजन



वजन उतरवण्यासाठी आदल्या दिवशी डब्याची तयारी कशी करावी, या विषयावर कामगार संघटनेचा माणूस बोलणार, हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. वैद्याचे काम वैद्याने करावे, हे आम्हांलाही मान्य आहे. आमचे शालेय शिक्षण बेताचेच. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर संघटनेच्या कचेरीत बसून वाचले. परंतु तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकाशी उभे राहिल्यामुळे एक वस्तू आम्ही फार जवळून पाहिली आहे. ती वस्तू म्हणजे कामगाराचा डबा. आज त्या डब्याचा इतिहास सांगावा, आणि त्यातून देहाच्या वजनाचे कोडे काही उलगडते का पाहावे, एवढाच आमचा हेतू आहे.

निमित्त सांगतो. काही वर्षांपूर्वी आमचे एक सभासद कचेरीत आले. वय सेहेचाळीस, काम यंत्रावर बसून बटणे दाबण्याचे, पाळी दर आठवड्याला बदलणारी. डॉक्टरांनी त्यांना साखरेचा विकार सांगितला होता आणि दहा किलो वजन उतरवा असे बजावले होते. चिठ्ठीवर लिहिले होते, घरचे खा, वेळेवर खा, मोजके खा. ते म्हणाले, "भाऊ, घरचे खाईन, मोजकेही खाईन. पण वेळेवर म्हणजे कुणाच्या वेळेवर?" या प्रश्नाला आमच्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते. ते शोधू लागलो तेव्हा आम्हांला फार मागे जावे लागले.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये सूतगिरणीची कंपनी काढली, आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. त्यापूर्वी या प्रांतातला माणूस भाकरी खात होता ती सूर्याच्या हिशोबाने. शेतावर जाताना शिदोरी बांधलेली असे. ऊन डोक्यावर आले की बांधावर बसून ती सोडायची. केव्हा बसायचे हे ज्याचे तो ठरवी, निदान त्याचा बैल तरी ठरवी. गिरणीत हे ठरवणे भोंग्याकडे गेले. पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत यंत्र चाले आणि यंत्र चालू असताना माणसाने जेवावे कधी, याची कोणत्याही मालकाच्या वहीत नोंद नव्हती. साच्याशेजारी उभ्याउभ्या, हवेत उडणाऱ्या कापसाच्या तुसांसकट, घास गिळावा लागे.

म्हणूनच नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात कामगारांच्या सभा घेऊन जे मागणीपत्र तयार केले, त्यात एक कलम जेवणाचे होते. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे ते निवेदन होते. रविवारची सुटी, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार, अपघात झाल्यास भरपाई, आणि दुपारी अर्धा तास विश्रांती, अशा त्या मागण्या होत्या. हिंदुस्थानातल्या गिरणी कामगारांच्या चळवळीचा आरंभ आपण ज्या कागदापासून मोजतो, त्या कागदावर भाकरी खाण्यापुरता अर्धा तास मागितलेला आहे. पगारवाढ मागितलेली नाही. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने दुपारचा अर्धा तास आला. हा रविवार आणि हा अर्धा तास आपण ध्यानात ठेवा. पुढे आपल्याला त्यांच्याकडे परत यायचे आहे.

मिळालेला वेळ टिकला मात्र नाही. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. सूर्य मावळला तरी यंत्र थांबेना आणि दिवस तेरा-चौदा तासांवर गेला. कामगारांनी दंगे केले, सरकारने समित्या नेमल्या आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांचे काम १२ तासांवर आणले. १९२२ मध्ये ते ११ तास झाले, १९३४ मध्ये १० तास झाले, १९४६ मध्ये आठवडा ४८ तासांवर आला. १९४८ च्या कारखाने कायद्याने पाच तासांपेक्षा जास्त सलग काम नको, मध्ये किमान अर्धा तास विसावा हवा, आणि अडीचशेवर कामगार असतील तेथे उपाहारगृह हवे, असे ठरवले. म्हणजे लोखंड्यांच्या अर्ध्या तासाला पक्की भिंत बांधायला ६४ वर्षे लागली.

आता त्या अर्ध्या तासात कामगार काय खात होता? त्याचे लेखी उत्तर सरकारनेच देऊन ठेवले आहे. मुंबईच्या कामगार कचेरीने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तिचा अहवाल फिंडले शिरास यांनी १९२३ मध्ये प्रसिद्ध केला. कुटुंबाच्या खर्चातला निम्म्याहून अधिक भाग अन्नावर जात होता, आणि तरीही निष्कर्ष असा निघाला की, गिरणी कामगाराला मिळणारे धान्य दुष्काळी कामावरील मजुराला ठरवून दिलेल्या कमाल धान्याइतके आहे, पण तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला ठरवून दिलेल्या अन्नापेक्षा कमी आहे. गुन्हा करून आत गेलेल्याला अधिक आणि इमानाने दहा-अकरा तास राबणाऱ्याला कमी! त्या काळी कामगाराच्या डब्याचा प्रश्न वजन उतरवण्याचा नव्हता, अंगावर मांस टिकवण्याचा होता. त्यामुळे डब्याची एक रीत पडली: भाकरी किंवा भात जितका परवडेल तितका, आणि बरोबर चटणी, आमटी, सुकट, जे तोंडी लावायला मिळेल ते. ही रीत अज्ञानाची नव्हती. दिवसभर उभ्या देहाला कमी पैशात सर्वांत जास्त ताकद धान्यच देते, हा तिच्यामागचा हिशोब होता.

हा डबा भरत होते कोण, हेही सांगायला हवे. कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो पुरुष कुटुंबाला गावी ठेवून चाळीतल्या एकेका खोलीत दहा-पंधरा जण राहत. त्यांचे जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे बहुधा गिरणगावातल्याच एखाद्या बाईची खोली. पहाटेच्या पाळीचे जेवण ती रात्रीच रांधायला घेई, आणि रात्रपाळीचे दुपारी. पैसे महिन्याच्या महिन्याला मिळत आणि तोवर वाण्याची उधारी तिच्या डोक्यावर असे. कचेरीतल्या बाबूला मात्र घरचा गरम डबा जागेवर मिळण्याची सोय झाली होती. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास डबे पोहोचवण्याचा धंदा सुरू केला असे सांगतात, आणि मावळ-जुन्नरकडच्या माणसांनी तो पुढे नावारूपाला आणला. खानावळवालीची दखल घेतली गेली ती फार उशिरा. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या बायांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कोठे त्यांच्या कामाला काम म्हणण्यास सुरुवात झाली. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. गिऱ्हाईक गावी परतले आणि कित्येक खानावळींच्या चुली त्यांच्याबरोबर विझल्या. संपाचा इतिहास लिहिताना आम्ही लोक वेतन आणि बोनस लिहितो. त्या चुलींचा जमाखर्च आम्हीही लिहून ठेवला नाही, हे आज कबूल करतो.

येथवरचा इतिहास कमी खाण्याचा झाला. जास्त वजनाचा प्रश्न कारखान्यात शिरला कसा, याचा धागा आम्हांला १९५६ च्या एका अभ्यासात सापडला. जाँ मेयर नावाच्या आहारशास्त्रज्ञाने कलकत्त्याजवळच्या एका ताग गिरणीत दोनशेहून थोड्या अधिक माणसांचे खाणे आणि वजन मोजले. हमाल, कोळसेवाले, कारागीर, कारकून, देखरेख करणारे आणि दुकानावर बसणारे अशा कामाच्या कष्टाप्रमाणे त्यांच्या प्रती लावल्या. हलक्या कामापासून अवजड कामाकडे जावे तसे खाणे वाढत होते आणि वजन मात्र जवळजवळ तेवढेच राहत होते. म्हणजे देहाला जेवढे लागे तेवढीच भूक लागत होती. पण कष्टाच्या अगदी खालच्या पायरीवर, जेथे दिवसभर बसणेच होते, तेथे हा नियम मोडत होता. दुकानावर बसणारे लोक हलके काम करणाऱ्यांपेक्षा अधिक खात होते, आणि बसून काम करणाऱ्यांचे वजन सगळ्यांत जास्त होते. त्यांच्या खिशात पैसाही अधिक असणार, हे विसरून चालणार नाही. तरीही मुद्दा उरतोच. देह पुरेसा हलत असला तर भूक खरे माप देते. तो बसला की भुकेचे माप बिघडते.

त्याच सुमारास लंडनमध्ये जेरेमी मॉरिस आणि त्यांचे सहकारी बसगाड्यांवरच्या कामगारांचा अभ्यास करीत होते. दुमजली बसमध्ये चालक दिवसभर बसून असे आणि वाहक दिवसभर जिने चढत-उतरत असे. १९५३ मध्ये त्यांनी दाखवून दिले की, वाहकांना हृदयविकार चालकांपेक्षा कमी होतो. पुढे १९५६ मध्ये त्यांनी गणवेशाची मापे तपासली, तर चालकांच्या विजारीची कंबर वाहकांच्या कंबरेपेक्षा मोठी निघाली. एकाच मालकाचे नोकर, एकाच गाडीवर, आणि तरी कंबरेत फरक. या माणसांच्या जिभेत किंवा मनोनिग्रहात फरक होता असे कोण म्हणेल? फरक कामात होता.

आता आपण आपल्या कारखान्याकडे येऊ. गेल्या तीस-चाळीस वर्षांत अंगमेहनतीची पुष्कळ कामे यंत्राने घेतली. ते बरेच झाले. पाठी मोडणारे काम गेले म्हणून आम्ही रडणार नाही. पण कामगार खुर्चीवर आला, चालत येणारा दुचाकीवर आला आणि डबा मात्र आजोबांच्या साच्यावरचाच राहिला. डबा वारशाने आला, काम वारशाने आले नाही. चार पोळ्या, वर भात, कोपऱ्यात बटाट्याची भाजी. दहा तास उभे राहणाऱ्यासाठी जे योग्य होते तेच आता बसणाऱ्याच्या पोटावर साठते. शिवाय धान्य स्वस्त आणि भाजी महाग. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्याचा हक्क मिळाला. त्याचे मोल आम्ही जाणतो. परंतु शिधापत्रिकेवर मेथी आणि गवार मिळत नाही.

परिणाम सर्वांसमोर आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. आपल्या लोकांत चरबी पोटाभोवती लवकर साठते, म्हणून आपल्याकडचे वैद्य पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर ओलांडली की सावध करतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वे सांगितली. आपल्या रोजच्या उष्मांकांपैकी ५० ते ७० टक्के धान्यातून येतात, ते ४५ टक्क्यांच्या आसपास यावेत आणि डाळी, कडधान्ये, भाज्या वाढाव्यात, असा त्यांचा आशय आहे. शिरास यांच्या अहवालात जे धान्य कमी पडत होते, तेच शंभर वर्षांनी ताटात जास्त झाले. दोन्ही वेळा उणीव डाळीची आणि भाजीचीच राहिली.

मग करावे काय? येथे आम्ही शिदोरीकडे वळतो. अन्न आधी करून ठेवणे ही आपल्याला परकी विद्या नाही. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी प्रवासात टिकते. सोलापूरकडची कडक भाकरी कित्येक दिवस राहते. जवसाची, कारळ्याची, शेंगदाण्याची चटणी महिना काढते. आमच्या त्या सभासदांनी आणि त्यांच्या पाळीतल्या सात-आठ जणांनी या जुन्या विद्येला आजच्या गरजेची जोड दिली. शनिवारी मटकी, मूग, चवळी भिजत घालायची, मोड आणायचे. रविवारी दोन तास काढून भाज्या निवडायच्या, धुऊन, कोरड्या करून ठेवायच्या, चटणी कुटायची, कडधान्य उकडून शीतकपाटात तीन दिवसांपुरते ठेवायचे. रोज रात्री त्यातले थोडे काढून फोडणी द्यायची, आणि तेल बुधलीतून ओतायचे नाही, चमच्याने मोजायचे. डब्याचा अर्धा भाग भाजी-कोशिंबीर, पाव भाग उसळ आणि उरलेल्या पाव भागात भाकरी. कोशिंबिरीला मीठ आणि दही डबा उघडल्यावर, नाहीतर तिला पाणी सुटते. एक गोष्ट कटाक्षाने पाळायची: शिजलेला भात किंवा उसळ रात्रभर ओट्यावर ठेवायची नाही. गार होताच शीतकपाटात, आणि खाताना पुरती वाफ येईपर्यंत गरम. उन्हाळ्यात शिळ्या भाताने पोट बिघडून खाडा झाल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत.

हे ऐकायला सोपे वाटते. पण महिनाभरात दोन अडचणी पुढे आल्या, आणि त्या दोन्ही आमच्या धंद्यातल्या निघाल्या.

पहिली अडचण कारखान्यातली. सुटी अर्ध्या तासाची; त्यातली दहा-बारा मिनिटे हजेरीच्या यंत्रापुढे आणि हात धुण्याच्या रांगेत जात. डबा ठेवायला थंड जागा नाही, गरम करायला साधन नाही. गार उसळीपेक्षा फाटकाबाहेरचा गरम वडापाव कोणालाही बरा वाटेल. आम्ही स्वतः फाटकसभांच्या निमित्ताने किती वडापाव रिचवले याचा पुरावा आमच्या कंबरेवर आहे, म्हणून दुसऱ्याला दोष देत नाही. पुढच्या मागणीपत्रात आम्ही दोन कलमे घातली: सुटीचे मिनिट नळावर हात धुऊन झाल्यापासून मोजावे, आणि डब्यांसाठी शीतकपाट व गरम करण्याची शेगडी द्यावी. व्यवस्थापनाचे गृहस्थ हसले. संघटनेतले आमचे काही सहकारीही हसले. वेतनाच्या करारात शेगडी कसली मागता, म्हणाले. आम्ही त्यांना १८८४ चे मागणीपत्र वाचून दाखवले. करारात शेगडी आणि शीतकपाट मिळाले. मिनिटांचे कलम अजून मिळालेले नाही.

दुसरी अडचण घरातली, आणि ती सांगताना आम्हांला संकोच होतो. एका महिला सभासदाला आम्ही मोठ्या उत्साहाने हा रविवारचा बेत सांगितला. बाई जुळणीच्या ओळीवर काम करणाऱ्या. त्यांनाही डॉक्टरांनी वजन उतरवण्यास सांगितले होते. त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, माझ्या डब्यात काय असणार, ते रात्री सगळ्यांचे जेवून काय उरते त्यावर ठरते. आणि रविवार म्हणता, तो माझा कधी होता?" लोखंड्यांनी मिळवलेला रविवार गिरणीतल्या पुरुषाला १८९० मध्ये मिळाला, त्याच्या घरातल्या बाईला तो अजून मिळायचा आहे. नवऱ्याचे वजन उतरावे म्हणून बायकोने रविवारी आणखी दोन तास भाज्या निवडाव्यात, असा जर आमच्या बेताचा अर्थ होत असेल, तर मालकाने कामगाराचे तास वाढवले आणि आम्ही बायकोचे वाढवले, एवढाच फरक. त्यानंतर आम्ही पाळीतल्या पुरुषांपुढे अट ठेवली की, मटकी ज्याच्या डब्यात जाणार त्याने ती निवडायची. काहींनी पाळली, काहींनी सोडून दिली. ज्यांनी पाळली त्यांचाच डबा वर्षभर टिकला, कारण दुसऱ्याच्या कष्टावर उभी राहिलेली शिस्त पहिल्या सणाला मोडते.

आमच्या त्या सभासदांचे वजन वर्षभरात पाच किलो उतरले. डॉक्टरांनी दहा सांगितले होते. पाळी अजून दर आठवड्याला बदलते, झोप मोडते, आणि मोडलेल्या झोपेनंतर खा-खा सुटते, हे ते स्वतःच सांगतात. ते प्रयत्न सोडणार नाहीत आणि आम्ही मिनिटांचे कलम सोडणार नाही.

श्रोतेहो, वजनाच्या बाबतीत माणसाने संयम ठेवावा, हे खरेच आहे. पण संयमालाही वेळ लागतो, आणि वेळ ही कामगाराला कोणी फुकट दिलेली वस्तू नाही. ती त्याने दर अर्ध्या तासासाठी झगडून मिळवली आहे. आपल्यापैकी ज्यांच्या हाती कचेऱ्या, दुकाने, कारखाने आहेत त्यांनी आपल्याकडच्या माणसाला डबा उघडायला किती मिनिटे मिळतात ते एकदा घड्याळ लावून पाहावे. ज्यांच्या हाती तेवढी सत्ता नाही, त्यांनी उद्याच्या रविवारी आपल्या घरची मटकी स्वतः निवडावी. जाड माणसाला आळशी म्हणण्याआधी या दोन गोष्टी आपण केल्या का, एवढे स्वतःला विचारावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.